लिंबाखालून वर आलेले

एकोणीसशे एकोणऐंशी साल, मी एकोणीस वर्षांचा, तिसरी शिकलेला, नंदुरबारकडचं आमचं गाव सोडून सुरतेला आलो ते लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला, आणि चाळीस वर्षं चालवले. लूमच्या कारखान्यात, आम्ही खातं म्हणायचो, आवाज असा की शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसायचं, म्हणून आम्ही हातानं बोलायचो, ओठ वाचायचो, आणि लूममध्ये काय बिघडलं ते कानानं नाही, तळहातानं कळायचं, वर हात ठेवला की लूम बोलतो. कान गेले त्यात. समोर बसून बोललं तर येतं, तुमचं येतंय. बारीक आवाज गेला तो गेला. त्याचं रडगाणं नाही सांगत, चाळीस वर्षांत माझ्या ताग्याला डाग नाही, ते लिहा आधी.

तर किडा. वैशाखात भर दुपारी झाडावर बसून किर्र करतो, कानात गिरमिट फिरवल्यासारखा, तो. आम्ही लहानपणी किरकिऱ्या म्हणायचो, तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही लिहा. हा किडा जमिनीत राहतो, महिना दोन महिने नाही, वर्षंच्या वर्षं, अंधारात मुळांचा रस पीत, आणि वेळ झाली की सगळे सोबत वर येतात. कोण सांगतं त्यांना? घड्याळ नाही, भोंगा नाही.

आम्ही सुरतेतच भेस्तानला राहतो, सोसायटीच्या मधोमध कडुलिंब. मी काम सोडलं त्या वैशाखात हे निघाले होते, सगळी सोसायटी कानावर हात ठेवून फिरायची आणि मी नुसता झाडाकडे बघायचो. माझी बायको सरूबाई विचारते, ऐकू येस का तुमले? म्हटलं नाही. तिनं एक किडा धरून माझ्या मुठीत दिला. काय सांगू तुम्हाला, मूठ थरथरली, गेलेली लाईट परत आल्यावर लूम सुरू होतो ना, तशी, पार कोपरापर्यंत. मी म्हटलं, आलं ऐकू.

त्याला पाच वर्षं झाली. यंदा सोसायटीनं ठरवलं, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, धूळ नको, गाड्या लावता येतील. ठरवणारे प्रमुख प्रवीणभाई आणि मागे मान हलवणारा माझाच मुलगा रवींद्र. आणि त्याच आठवड्यात मी लिंबाखाली भोकं पाहिली, बोट जाईल एवढी, गोल. लहानपणी गावी शेळ्या चारताना अशीच पाहिलेली, किडे वर येण्याआधीची, माणूस विसरत नाही. म्हटलं, दाराशी आलेत ते, थोडे दिवस थांबा, वरून ब्लॉक बसले तर आतल्या आत मरतील. प्रवीणभाई म्हणाले, काका, मुंग्यांची भोकं आहेत. रवींद्र त्यांना हळूच गुजरातीत बोलला, उंमर थई, वय झालं म्हणे बापाचं. त्याला वाटलं मला कळणार नाही. अरे, चाळीस वर्षं मी ओठ वाचले.

ब्लॉकचा टेम्पो आला त्या दिवशी मी खाट नेली, बरोबर भोकांवर टाकली आणि वर बसलो. हलवा म्हटलं खाटेसकट. कोणी हलवेना. शेवटी प्रवीणभाईंनी तोडगा काढला, रविवार संध्याकाळपर्यंत थांबू, नाही निघाले तर पहिला ब्लॉक काकांनी स्वतःच्या हातानं बसवायचा, सगळ्यांसमोर. म्हटलं, बसवीन.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. येणारा जाणारा विचारायचा, काका, पाहुणे कुठपर्यंत आले, सुरतेच्या वेशीवर, कामरेजला पोचले का? सरूबाई खाटेवरच भाकर आणून द्यायची, म्हणायची, तुम्ही बी आते जमीनमाच ऱ्हा. शनिवारी मला स्वतःला शंका आली, खोटं कशाला बोलू. वाकून तळहात मातीवर ठेवला. माती गप्प.

रविवारी दिवेलागणीला प्रवीणभाई ब्लॉक हातात घेऊनच आले, हसत. आणि खाटेच्या पायावर काहीतरी चढत होतं. मातीनं माखलेलं, तपकिरी, कुबडं. मग दुसरं, मग बुंध्यावर दहा, मग मी मोजणं सोडलं. पाठ उकलली, आतून हिरवट पांढरा जीव निघाला आणि चुरगळलेले पंख हळूहळू सुटले, कोरा तागा उलगडावा तसे. सगळी सोसायटी उभी आणि एकाचेही ओठ हलत नाहीत. प्रवीणभाईंनी ब्लॉक खाली ठेवला, पण आधी वाकून बघितलं, खाली कोणी चिरडत तर नाही. तिथेच मी जिंकलो.

मग ते म्हणाले, काका, झाडाची सावली पडते तेवढी जमीन उघडी सोडू. रवींद्रनं खाटेची एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ती अलगद बाजूला नेली.

आता तुम्ही लिहिताना मधेच थांबून वर बघताय, म्हणजे वर झाडावर किरकिर चालू आहे त्यांची. थांबा, एक मुठीत देतो. यांची पिलं परत मातीत जातील. ती वर येतील तेव्हा मी असेन नसेन, त्यांना वाट मोकळी मिळो, आणि तुमचे कान शाबूत राहोत.

आणि त्या रविवारच्या दुसऱ्या सकाळी मी काय केलं तेही लिहा. ऊन कोवळं होतं तेव्हाच उठलो, खुंट्या ठोकल्या आणि सूत बांधून हद्द आखली. सावली पडते तेवढी, असं ठरलं होतं. सकाळची सावली लांब असते, ती पार प्रवीणभाईंच्या गाडीपर्यंत पोचली होती. मी तीच धरली.