धीर कुणी धरायचा?

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या पंचकमिटीचे सचिव बापूराव साळवे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पाळकसाहेब रेव्हरंड शमुवेल उजागरे. व्यासपीठावरील मान्यवर आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सर्वांना सलाम.

महिला मंडळातर्फे मी, सुहासिनी गायकवाड, उभी आहे. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'ताई, गोड बोला' असंही बजावलं आहे. प्रयत्न करते.

पाळकसाहेबांकडून आम्ही सहनशीलता शिकलो, असं आत्ताच सगळे म्हणाले. खरं आहे ते. यांच्या पत्नी, आमच्या मालनवहिनी, अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, सगळं यांनी स्वतः केलं. चेहऱ्यावर कधी आठी नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच तर यांनी 'धीर धर' म्हटलं की आम्ही धरत आलो.

माझी लेक कादंबरीही धरत आली. नवरा हात उचलतो, हे तिने सगळ्यांत आधी यांनाच सांगितलं होतं. 'धीर धर बेटी, प्रभू त्याला बदलेल,' म्हणाले.

गेल्या महिन्यात बिबवेवाडीला तिच्या घरी प्रार्थनासभा झाली. मंडळी पांगली, आम्ही चौघंच उरलो. चहाला उशीर झाला म्हणून जावयाने पाळकसाहेबांदेखत तिच्या कानाखाली मारली. पाळकसाहेबांनी काय करावं? 'आपण डोळे मिटू या,' म्हणाले आणि दोघांसाठी प्रार्थना सुरू केली. चांगली लांबलचक! अहो, जावयानेसुद्धा डोळे मिटले. मी नाही मिटले. माझी पोरगी कान दाबून भिंतीला टेकली होती.

त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. पडदा फाटलाय. ती माझ्याकडे आली आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे. जावई म्हणतो, न्हाणीघरात पडली. घरच्यांखेरीज पाहणारे एकटे पाळकसाहेब. आणि जबाबाचं काढलं की हे म्हणतात, 'सुहासिनीताई, थोडा धीर धरा.'

बापूराव, घड्याळ दाखवू नका, संपवतेच.

पाळकसाहेब, वहिनींचं दुखणं कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ते सोसण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या लेकीला मारणारा माणूस आहे, त्याला अडवता येतं. दोन्हींना तुम्ही एकच औषध कसं दिलंत? मला याचा फार त्रास होतो हो, रात्री झोप लागत नाही, कारण तुमच्यावर आमचा जीव आहे. प्रभूने धीर धरला तो स्वतः सोसताना. दुसऱ्याला मार बसत असताना तो गप्प राहिला, असं मी तरी कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही. तुमच्याही नाही.

उद्या तुमच्या सामानाचा टेम्पो नगरला निघतोय. तो जरा खोळंबला तर काही बिघडत नाही. सकाळी मी रिक्षा घेऊन पाळकगृहापाशी येते. चौकीत यायचं, पाहिलंत ते सांगायचं, मग खुशाल जायचं. याल ना?

मंडळाची ही शाल स्वीकारावी. इतकं बोलू दिलंत, मी सर्वांची आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. कादंबरी तिथे मागच्या रांगेत बसली आहे. तिला नीट ऐकू येत नाही, तेव्हा पाळकसाहेब, उत्तर जरा मोठ्याने द्या.