प्रश्न क्रमांक सतरा

...नाही नाही, काठमांडूला रोशनीच गेली, आणि तिनंच जायला हवं होतं, मी जळत नाही बरं का. शांततेचा विद्यार्थी आहे मी. 'धर्म, शांतता आणि संघर्ष' या विषयात एम.ए. केलंय, सदर भागातल्या भाड्याच्या खोलीत, नागपूरच्या उन्हाळ्यात, बंद पंख्याखाली... देवाच्या नावानं माणसं एकमेकांचे गळे धरतात, हे थांबवायचंच, असं ठरवून आलो होतो मी. आणि माझ्याच वर्गातली ही रोशनी या विषयाला काहून आली होती, विचारा? "घरून बस डायरेक्ट येते ना."

तुम्हाला सांगतो, मधुसूदन सर म्हणाले होते, ज्याचा प्रबंध सरस तो काठमांडूच्या परिषदेत वाचणार. जागा एकच. आणि आम्हा दोघांना अभ्यासाला वस्तीही एकच दिली. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला देवीचं मंदिर, आणि दोघांत मिळून एक गंज. गंज म्हणजे पातेलं हो, पण एवढं की आत मी मांडी घालून बसेन. नवमीला त्यात मंदिराचा महाप्रसाद, दसऱ्याला पहाटे त्यातच विहाराची खिचडी, दीक्षाभूमीकडे चालत जाणाऱ्यांसाठी. वीस वर्षं असंच चाललेलं. मी म्हटलं, सापडला, संघर्ष इथंच दबा धरून बसलाय.

तीन महिने घालवून बेचाळीस प्रश्न काढले मी. रोशनी? ती विहाराच्या ओट्यावर इंदूबाईंसोबत तांदूळ निवडत बसायची, वही नाही, पेन नाही, मंदिराच्या शामलाबाई येता-जाता तिच्या ओंजळीत गवारीच्या शेंगा टाकून जायच्या... याला संशोधन म्हणायचं? तिला चहा, "घे वं पोरी." मला काय, तर "सर, पाणी?" पण मी जळत नाही, शांततेचा विद्यार्थी आहे मी.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा इंदूबाई-शामलाबाईंना समोर बसवून मी प्रश्न क्रमांक सतरा विचारला. "हा गंज नेमका कोणाच्या मालकीचा?"

वीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं हो.

"कोणाचा म्हंजे?" शामलाबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं आणला."

"अन् कड्या?" इंदूबाई. "कड्या आमच्या बुढ्यानं बसवल्या. कड्यांबिगर उचलून दाखव वं."

"मंग काढून ने तुह्या कड्या."

नेल्या की. पाना आणून नेल्या. गंज मंदिरात कुलपात, कड्या विहारात कपाटात, आणि मी मध्ये उभा राहून भराभरा लिहितोय, खोटं कशाला बोलू, आनंदानं. प्रकरण चौथं तयार. खोलीवर येऊन जेवायला बसलो आणि डोक्यात आलं, त्या पहाटे चालणाऱ्यांना खिचडी कशात शिजणार? ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर रोशनी आधीच ओट्यावर. दोघींच्या मधोमध. म्हणते, "मावशी, वीस वर्षं हा वाद नव्हता. मंग काढला कोणं?"

दोघींची बोटं एकदम माझ्याकडे. दोन धर्मांत इतकं एकमत मी पुस्तकातसुद्धा वाचलं नव्हतं. आधी शामलाबाई हसल्या, मग इंदूबाई, मग कड्या आल्या, पाना आला, तह झाला. आणि रोशनी ते सगळं प्रबंधात लिहून मोकळी. पान त्रेसष्ट, संघर्षाची कारणं: धर्म तिसरा, मालकी दुसरी, आणि पहिलं कारण, 'वस्तीत आलेला एक होतकरू संशोधक'. होतकरू म्हणते. सर म्हणाले, "अरे, प्रबंधात आलास, हे काय कमी आहे?"

तहाचं कलम सांगायचं राहिलंच. नवमीच्या महाप्रसादानंतर गंज घासायचा तो तटस्थ माणसानं. दरवर्षी. वर्ष उलटलं, आज पुन्हा नवमी. ती तिकडं काठमांडूत शांततेवर बोलून राहिली, अन् मी इथं राख घेऊन गंज घासून राहिलो. दोघी ओट्यावर पान खात बसल्यात.

"कड्यांखालून घास गा बाबू," इंदूबाई म्हणतात.

"आतूनबी," शामलाबाई म्हणतात.

मी जळत नाही. शांततेचा विद्यार्थी आहे मी... हो मावशी, आतूनबी.