अर्ध्या नावाची गावं

शुभदा : …ई, एस, ई, एल. त्याच्या आधी काहीतरी आहे, पण अर्धंच उमटलंय.

शशिकांत : वेझेल. डब्ल्यूने सुरू होतं. आहे आपल्याकडे. पुढचं घे.

शुभदा : अहो, एकाही तिकिटावर गावाचं नाव पूर्ण कसं नाही?

शशिकांत : शिक्का निम्मा तिकिटावर पडायचा, निम्मा पाकिटावर. पाकीट सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी केरात टाकलं. माझ्या अख्ख्या वहीत एक पूर्ण नाव सापडायचं नाही. अर्ध्यावरून गाव ओळखायचं, त्यातच तर मजा आहे.

शुभदा : कसली मजा! पंखा बंद करून घामाने भिजलेय मी. लाईट असून लोडशेडिंग.

शशिकांत : पंखा लावला तर अख्खा जर्मनी शांती नगरभर उडेल.

शुभदा : उडू दे. चाळीस वर्षं माझ्या उरावर बसलीत ही तिकिटं. गिरगावात होतो तेव्हा एवढीशी खोली, तरी पलंगाखाली पेटी यांची. आणि तिकिटं तरी कसली, तर वापरलेली!

शशिकांत : वापरलेलीच हवीत. कोरं तिकीट कुठेच गेलेलं नसतं.

शुभदा : डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय? डोक्याला ताप करून घ्यायचा नाही.

शशिकांत : डॉक्टर असंही म्हणाले, की नजरेतलं मधलं गेलं ते आता परत येत नाही. कडेचं उरलंय, ते दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं. तेवढ्यात नदी पूर्ण होऊ दे, शुभदा. ऱ्हाईनकाठची माझ्या यादीतली सगळी गावं लागली. एक एमरिख राहिलंय. त्याच्यापुढे हॉलंडची हद्द.

शुभदा : आणि ते मिळालं की?

शशिकांत : पेटी बंद. शब्द दिलाय ना तुला.

शुभदा : दिलाय खरा. पण जेवणात लक्ष नाही तुमचं. परवा परागचा फोन आला, तर नातीची चौकशी सोडून त्याच्याशीही एमरिखच.

शशिकांत : त्यानेच तर इंटरनेटवरून हे जुन्या तिकिटांचं पाकीट मागवलं माझ्यासाठी. किती उरली?

शुभदा : निम्मी असतील. थांबा हं… हे लाल. ई, एम, एम. ई, आर, आय, सी, एच.

शशिकांत : काय?

शुभदा : एमरिख! अहो, मिळालं!

शशिकांत : सगळी अक्षरं आहेत?

शुभदा : सगळी. खाली तारीखसुद्धा आहे, एकदम स्पष्ट.

शशिकांत : दे इकडे.

शुभदा : चिमट्याने ना? हात लावायचा नसतो म्हणता.

शशिकांत : हातावर ठेव.

(तिकिटावरच्या उठावाच्या गरुडावरून तो कितीतरी वेळ बोट फिरवत राहतो.)

शुभदा : बोला ना काहीतरी.

शशिकांत : गरुड लागतोय बोटाला. छान आहे. वहीत लाव, वेझेलच्या पुढे.

शुभदा : लावलं. संपली बाई एकदाची तुमची नदी! पेटी बंद करते आता.

शशिकांत : नको. उरलेली तिकिटंही बघू.

शुभदा : आता कशाला? पूर्ण झालं ना?

शशिकांत : झालं गं. पण अर्ध्या नावाचं एखादं एमरिख मिळतंय का, बघू.

शुभदा : …कळलं तर तुम्हाला.

शशिकांत : हं.

शुभदा : मला बघवत नव्हतं हो. भिंग डोळ्याला लावायचं, मग बाजूला ठेवायचं, परत लावायचं… वाटलं, मिळालं म्हणून सांगावं, म्हणजे तुम्ही सुटाल. रागावलात?

शशिकांत : चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललीस माझ्याशी, तेही जर्मनमध्ये. रागावू कशाला?

शुभदा : काढू का मग ते तिकीट?

शशिकांत : राहू दे. एक पूर्ण नाव असू दे वहीत. तीन महिने रोज दुपारी अक्षर अक्षर लावत माझ्याबरोबर नदी उतरतेयस तू. पेटी बंद झाल्यावर काय करायचं, याचीच मला भीती वाटत होती. जा, पंखा लाव आता. दमलीस.

शुभदा : नको, तिकिटं उडतील. बसा नीट. हे घ्या… ओ, एन, एन. पहिलं अक्षर काही दिसत नाही.