ऑलिव्हच्या जत्रेत फिन्टन डोरन समुद्रात कसे पडले

गार्डा (आयरिश पोलीस) ठाणे, बॅलिनकारा. सोमवार, सकाळ.

नाव : हेमचंद्र दिगंबर बोकारे. वय : ६७ वर्षे. धंदा : काही नाही, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. राहणार : नागपूर. सध्या मुक्काम : मुलगी रेवा हिच्याकडे, डून लेरी.

मी समक्ष हजर राहून दुभाषी यामिनी कर्वे यांच्यामार्फत जबाब लिहून देतो की,

वरील पत्त्यावर मी रेवा व तिचे पती चारुदत्त यांच्याकडे राहतो. त्यांच्या लग्नास मी हजर नव्हतो. त्याचे कारण या प्रकरणाशी संबंधित नाही. चारुदत्त मला काका म्हणतात. आमचे भांडण नाही. बोलणे बहुधा रेवामार्फत होते.

काल दुपारी आम्ही तिघे येथे ऑलिव्ह तोडणीच्या जत्रेस आलो. बंदरावर बेकरी चालवणाऱ्या कॅटरिनाबाई मूळच्या ग्रीसच्या. त्यांनी भिंतीच्या आडोशाला ऑलिव्हची झाडे वाढवली आहेत. त्यांच्या गावच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी झाडांखाली जाळे पसरतात, काठीने फांद्या झोडपतात व गाणी म्हणतात. झाडे कमी व माणसे पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एखादाच फटका येतो. मलाही आला. तीन फळे पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एक फळ तोंडात टाकले. ते अत्यंत कडू निघाले. थुंकायला जागा नव्हती म्हणून गिळले.

फिन्टन डोरन नावाचे स्थानिक गृहस्थ धक्क्यावर उभे राहून पत्र्याची बासरी वाजवत होते. मला त्यांचा फोटो घ्यायचा होता. ते लांब होते म्हणून मी त्यांना हाताने 'या, पुढे या' असे बोलावले. आमच्याकडे बोलावताना तळहात खाली ठेवून बोटे हलवतात. इकडे त्याचा अर्थ 'मागे सरका' असा होतो, हे मला काल कळले. मी बोलावत गेलो, ते मागे सरकत गेले. मला वाटले, गृहस्थ लाजाळू आहेत. म्हणून मी दोन्ही हातांनी बोलावले. ते समुद्रात पडले.

मी त्यांना ढकलले किंवा हुसकावले, असे एका बाईंनी सांगितल्याचे मला समजले. त्यांनी जे पाहिले ते तसे दिसले असेल. माझा तसा हेतू नव्हता.

चारुदत्त यांनी धावत जाऊन बचावाचे कडे फेकले. डोरन यांनी ते धरले, परंतु पाणी गार व भिंत उंच असल्याने त्यांना वर येता येईना. त्यांचे ओठ निळे पडले होते. तेव्हा चारुदत्त झाडाखालचे जाळे ओढून आणू लागले. दुसरे टोक मी धरले. जाळे खाली सोडल्यावर डोरन त्यात पाय अडकवून बसले व आम्ही, कॅटरिनाबाई आणि इतर लोक ओढू लागलो.

ओढताना माझा पाय सांडलेल्या ऑलिव्हवर पडला व मी धक्क्याच्या कडेकडे घसरलो. चारुदत्त यांनी एका हाताने जाळे व दुसऱ्या हाताने माझी कंबर धरली. ते म्हणाले, "बाबा, जाळं सोडा. मी धरलंय."

मी म्हणालो, "सोडत नाही. तुम्ही मला सोडू नका म्हणजे झालं."

ते म्हणाले, "नाही सोडत."

या संभाषणात रेवा नव्हती. ती रुग्णवाहिकेला फोन करत होती.

डोरन वर आले तेव्हा बासरी त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "ग्रँड, मी ग्रँड आहे," म्हणजे इकडच्या भाषेत अगदी ठीक आहे, व थोडे ओकले. मी त्यांची माफी मागितली. चारुदत्त यांनी हाताचा घोटाळा त्यांना समजावून सांगितला. ते इतके हसले की रुग्णवाहिकेतल्या मुलीने त्यांना गप्प बसायला सांगितले. संध्याकाळी त्यांना घरी सोडले, असे समजते. त्यांची माझ्याविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी आम्हाला येत्या रविवारी जेवायला बोलावले आहे.

माझे परतीचे तिकीट गुरुवारचे आहे. चौकशीसाठी थांबावे लागेल का, असे मी विचारले. गार्डा अधिकारी म्हणाले, आता काही गरज नाही, तुम्ही जाऊ शकता. तरीही तिकीट पुढचे करून घेण्यास मी जावयांना सांगितले आहे. ते बाहेर बाकावर बसून तेच काम करत आहेत.

वरील जबाब यामिनीबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. सही करतो.

हेमचंद्र दि. बोकारे