चारठाण्याचे दहा आकडे

कधीच न चुकणारा माणूस चुकला, तर काय समजायचं? आमचा ज्ञानोबा तसाच.

परभणीला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर दोनच, एका तारेनं जोडलेले. आम्ही मात्र अख्खा जिल्हा जोडायची स्वप्नं बघायचो. फळ्यावर आम्ही प्रत्येक गावातल्या कॉम्प्युटरांना पत्त्यांचे आकडे वाटले होते. एकच आकडा दोन गावांना गेला, तर निरोप भलतीकडे जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सर ते बघणार होते. पटलं तर तिसरं मशीन मिळणार होतं. संध्याकाळी तपासलं, तर राणीसावरगावचे शेवटचे दहा आकडे चारठाण्यालाही दिलेले.

“दोन टोकांची गावं, आकडे एकमेकांत कसे घुसले रे?” मी ज्ञानोबाला विचारलं.

“घुसले न्हाईत, मीच घातलेत. राणीसावरगाव माझं, चारठाणा तिचं.”

“अरे, निरोप चुकतील!”

“चुकू दे की. तिचा एखादा मला येईल.”

तो फळ्याकडे असा बघत होता, जणू त्या दहा आकड्यांत दोघांचं घर उभं राहिलंय.

मी डस्टर उचललं. “येड्या, सकाळची जिंतूरवरून चारठाण्याला जाणारी एसटी पकड अन् तिच्या बापाला विचार!”

सकाळी सरांना फळ्यावर एकही चूक सापडली नाही. “ज्ञानोबा कुठाय?”

“चारठाण्याची जोडणी करायला गेलाय, सर.”