सुताराच्या नखातली कुसळं

पाय गेले हो माझे उभं राहून राहून, आणि तुम्ही हसताय? का उभा असतो, ते ओळखून दाखवा! नाही येत? मग गप ऐका... तर आमचा सुतार, चार खिळे कायम तोंडात, बोलायचं झालं की जिभेने गालात सरकवणार, त्याची दाढ दुखायला लागली. दातवाल्याकडे जाईल? छे! खिळे उपटायची स्वतःचीच पक्कड घेतली आणि ओढली. एक दाढ हो, फक्त एक दाढ!

"बघितलंस? फुकटात," म्हणाला, आणि खिळे परत तोंडात.

मग ताप. उतरतोय, चढतोय, दोनदा रंधा मारला की धाप. त्यात नखांखाली काळ्या बारीक रेघा. दुसरा कुणी घाबरला असता, पण हा पडला सुतार, याला वाटलं लाकडाची कुसळंच घुसलीत! दोन दिवस सुईने नखं कोरत बसला आणि मी शेजारी बसून चिडवतोय, पाणी घाल, झाड उगवेल. मला तरी काय ठाऊक? फक्त एक दाढ!

शेवटी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनीने, बखोटीला धरून दवाखान्यात नेलं, मीही मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, नखं बघितली, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काका, ही कुसळं नाहीत, आतलं रक्त साकळलंय. दाढेतले जंतू रक्तात गेले आणि काळजाच्या झडपेवर घर करून बसलेत."

झडप म्हटल्यावर सुतार ताठ बसला. "मग बिजागरीला तेल द्या आणि मला सोडा."

"कुरतडली गेलीय झडप. बदलली नाही, तर तुम्ही जाल."

तेव्हा मात्र त्याने माझा हात जो धरला, तो सोडेचना... कितीतरी आठवडे शिरेतून औषध, छाती उघडून धातूची झडप, परत औषध. वाचला बाबा! पण ती झडप वाजते हो. टिक, टिक. आणि हा घाबरला की टिकटिकटिक.

घरी आल्यावर वहिनीने सहज विचारलं, पक्कडीची अक्कल कुणाची? आता तुम्हाला सांगतो, तुमच्यातच ठेवा, पैज मी लावली होती. ओढून दाखव, तुझ्यात दम नाही म्हणून. पण जिवाभावाचा दोस्त तो! म्हणाला, "माझीच गं."

टिकटिकटिकटिकटिक...

वहिनी हळूच माझ्याकडे वळली.

तेव्हापासून त्याला तोंडात खिळा धरायची बंदी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुठीत खिळे घेऊन त्याच्याजवळ उभा कोण? मी! आज अकरावा महिना. फक्त एक दाढ हो... आणि तीही माझी नव्हे.