मोरिवलीच्या बायचा शेंदूर

नाव: श्रीपाद मोरेश्वर चौबळ. वय: ३४. धंदा: नोकरी, कारखान्यात ड्राफ्ट्समन. राहणार: कारखान्याची वसाहत, अंबरनाथ, जिल्हा ठाणे. दिनांक: १६ मार्च १९५४.

मी आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यावर आलो असून हवालदारांसमोर बसून सांगतो की, मी उल्हास खोरे संशोधन मंडळाचा चिटणीस आहे. मंडळात कारखान्यातले काही अधिकारी, शाळामास्तर आणि एक डॉक्टर आहेत. रविवारी लाकडाच्या वखारीमागच्या खोलीत आम्ही जमतो, एकमेकांना निबंध वाचून दाखवतो आणि चहा पितो. 'मंडळ-वृत्त' नावाचे चार पानी पत्रक काढतो. लिहिणारे आम्हीच, वाचणारेही आम्हीच. अध्यक्ष श्री. दिनानाथ कोठारे हे निवृत्त इंजिनिअर असून पुलांच्या बांधकामात त्यांचे आयुष्य गेले आहे.

मोरिवली गावच्या बनूबाई पदू भोईर हिने आमच्या मंडळाविरुद्ध या ठाण्यात तक्रार दिली आहे. तिची मुलगी अंजनी, वय वीस, हिला मंडळाच्या लोकांनी जागेवरून हलवून कुठेतरी घालवले, अशी ती तक्रार आहे. ती प्रथम कानावर आली तेव्हा मला हसू आले होते. त्याबद्दल खरी हकिगत आता सांगतो.

मोरिवलीच्या शिवेवर, भोईरांच्या शेताच्या बांधाला एक दगड उभा होता. गावातल्या बायका त्याला 'बाय' म्हणत. त्यावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर चढून चढून दगडाचा नुसता गोळा झाला होता. नाक नाही, डोळा नाही. ते शेत कारखान्याच्या कुंपणात जाणार असे ठरले, तेव्हा दगड फुटेल या भीतीने आम्ही तो मंडळाच्या खोलीत आणायचे ठरवले. बनूबाईची संमती होती. तिने बायची ओटी भरली, बैलगाडीत पेंढा घातला आणि मला म्हणाली, "भाऊ, छपराखाली ठेवा, हुनातानात उभी ऱ्हायली लई वर्सं. सांभाळा." मी सांभाळतो म्हणालो.

शेंदराखाली शिलालेख असणार असे श्री. कोठारे यांचे मत होते. मंडळाला स्वतःचा असा एकही शिलालेख नव्हता आणि कल्याणच्या संशोधक मंडळींपुढे आमची मान त्यामुळे खाली असे. आम्ही लेप ऊन पाण्याने आणि रॉकेलने भिजवला आणि बांबूच्या कामट्यांनी खरवडला, म्हणजे दगडाला ओरखडा जाऊ नये. तेवढी शास्त्रीय काळजी घेतली होती. लेपाच्या थराथरांतून हिरव्या काचेचे तुकडे निघू लागले. श्री. कोठारे म्हणाले, "काँक्रीटमध्ये आपण खडी घालतो ना, तसं आहे हे. लेप धरून राहावा म्हणून. अडाणी लोकांचं इंजिनिअरिंग बघा!" आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. तसे मी 'मंडळ-वृत्ता'त कौतुकाने छापलेही. खरवड घमेल्यांत भरून वालधुनी नदीच्या पात्रात ओतली.

अक्षर एकही निघाले नाही. सूर्य, चंद्र आणि कोपरात वाकवलेला बाईचा हात, एवढेच निघाले. असले सतीचे दगड या भागात बरेच आहेत.

पुढच्या रविवारी बनूबाई तेलाची वाटी घेऊन बायला भेटायला आली. दगड पाहून ती ओरडली नाही की रडली नाही. तिने खोलीतली बाके हलवून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिले आणि मग मला विचारले, "माजी पोर कुठं टाकली?" म्हातारीचे डोके फिरले असे आम्ही समजलो. तिथून ती थेट ठाण्यावर आली. तिचे बोलणे हवालदारांनी जसेच्या तसे लिहून घेतले आणि जिवंत मुलगी हरवल्याची नोंद झाली. पंचनाम्याच्या वेळी तिने दगडाकडे बोट दाखवले, "हितं होती ती," म्हणून दगड जप्त झाला. तो सध्या ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली मुद्देमाल म्हणून आहे. यात हवालदारांचा दोष नाही. आम्ही एवढे शिकलेले, आम्हाला तरी कुठे कळले होते?

आता माझ्या घरचे सांगणे भाग आहे. माझी पत्नी उमा हिचे दिवस भरले आहेत. पहिली खेप आहे. तिला माहेर नाही, म्हणून बाळंतपण इथेच करायचे ठरले. दगड खरवडल्यानंतर काही दिवसांनी ती जेवता जेवता सहज म्हणाली, की दुपारी मागल्या दारी एक मुलगी येते, पायरीवर बसते आणि पाणी मागते. मी विचारले, कोणाची? ती म्हणाली, "गावातली असेल. फार दमलेली असते हो. माझं कुठं हाय, माझं कुठं हाय, असं विचारते." शेजारी विचारपूस केली. कोणीही अशी मुलगी पाहिलेली नाही.

डोहाळजेवणात उमेने दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. त्या कमी होत चालल्याचे माझ्या ध्यानात आले. फुटल्या म्हणावे तर घरात कुठे काच नव्हती. विचारले तर म्हणाली, "तिला दिली एक. तिच्या हातात काहीच नव्हतं, बरं दिसत नाही."

मी रजा टाकून एक दुपार घरी थांबलो. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो. भर उन्हाची वेळ होती. उमा मागल्या दारी बोलू लागली. ती बोले, थांबे, मग हसे आणि पुन्हा बोले. थांबण्याच्या जागी मला काहीच ऐकू आले नाही. मी उठून आत गेलो तेव्हा दारात ती एकटीच होती. पायरीवर तांब्या उपडा होता आणि पायरी कोरडी होती. उमा माझ्यावरच रागावली, "तुम्ही असे धाडकन आलात, ती गेली ना!"

उमा घाबरत नाही. मी घाबरतो. हेही लिहायचे का, असे हवालदारांनी विचारले. लिहा म्हणालो.

त्याच दिवशी मी मोरिवलीला गेलो आणि बनूबाईच्या पडवीत बसून तिला विचारले, की लेपातली काच कसली होती. तिने सांगितले ते असे. बाळंतपणात जी बाई जाते तिचा जीव घोटाळतो, जिथे बाई गरोदर आहे अशा घरांच्या मागल्या दारांनी फिरतो. म्हणून तिच्या हातातल्या बांगडीचा तुकडा बायच्या ओल्या शेंदरात दाबायचा, वर तेलाचा हात फिरवायचा आणि तिचे नाव घ्यायचे. मग बाय तिला धरून ठेवते. अंजनी आठ वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, भाताच्या खळ्यावर बाळंत होताना गेली. मूलही गेले. मी म्हणालो, हे आधी का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तुमी पुरुष मानसं. आनि इचारलं कुनी?"

आम्ही लेख विचारला होता, दगडाची उंची विचारली होती, जमिनीचा मालक विचारला होता.

मी तिला उमेबद्दल सांगितले. ती म्हणाली, "माजी अंजनी गरीब हाय. ती कुनाचं वाईट करनार नाय. पन ती एकली नाय ना, भाऊ. तिच्या आदीच्या लई हायत त्या लेपात. मला माज्या पोरीची हमी देता येते. बाकीच्यांची मी कशी देऊ?"

उपाय तिच्याकडे आहे. दगड शिवेवर, कुंपणाच्या बाहेर, परत उभा करायचा, नवा शेंदूर लावायचा आणि एकेकीचे नाव घेऊन हिरवी काच दाबायची. नावे तिला सासूकडून तोंडपाठ मिळाली आहेत. यासाठी दगड हवा.

मी मंडळाची बैठक बोलावली. श्री. कोठारे म्हणाले, "चौबळ, मंडळ ही शास्त्रीय संस्था आहे, भगतगिरीचा अड्डा नाही. तुमची मनःस्थिती मी समजू शकतो." बहुतेकांनी त्यांचीच री ओढली. उल्हासनगरच्या कॅम्पात राहणारे आमचे सभासद श्री. गुलराजानी, पूर्वी सिंधमध्ये प्रोफेसर होते, ते तेवढे उठले. म्हणाले, "साईं, हम तो अपने सब मरे हुए उधर छोड़ के आये हैं। इनके तो इधर हैं। इनको वापस दे दो." बैठक चहा न पिताच संपली. दुसऱ्या दिवशी मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला.

त्यानंतर मी फौजदारसाहेबांना भेटलो. ते माणूस म्हणून चांगले वागले, पण कायदा त्यांच्या हातात नाही. हरवलेली मुलगी सापडली किंवा मयत ठरली, तरच प्रकरण मिटेल आणि मुद्देमाल सुटेल, असे त्यांनी सांगितले. अंजनीच्या मृत्यूची नोंद गावात झालेली नाही. राहिली आई. तिने मुलगी मेली असे लिहून द्यावे म्हणून मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "मेली असती तर तुमच्या दारात पानी प्यायला आली असती व्हय? मी आय हाय तिची. मी नाय बोलनार."

उमेला आज सकाळपासून कळा येत आहेत. सुईण आत आहे. डॉक्टरांना निरोप गेला आहे. बनूबाई माझ्या मागल्या दारी बसून आहे, तिला मीच आणले. दुपार व्हायला थोडाच वेळ उरला आहे. बैलगाडी ठाण्याच्या फाटकात उभी करून मी आत आलो आहे.

तरी मी सांगतो की, अंजनी पदू भोईर, वय वीस, रंग सावळा, उंची बेताची, डाव्या भुवईवर कोयत्याची जुनी खूण, ही सापडली आहे. ती माझ्या राहत्या घरी येत असते. मी तिला पाहिलेले नाही, माझ्या पत्नीने पाहिले आहे. भुवईवरची खूण उमेने मला सांगितली, ती बनूबाईने सांगितलेल्या खुणेशी जुळते. उमा मोरिवलीला कधीही गेलेली नाही आणि बनूबाईला ती आज पहिल्यांदाच भेटली. मुलीला कोणी कोंडलेले किंवा पळवलेले नाही. तिला आईकडे परत जायचे आहे. प्रकरण मिटवून दगड आत्ता, या क्षणी माझ्या ताब्यात द्यावा.

खोटे सांगणे गुन्हा आहे, याची हवालदारांनी मला समज दिली. ती मला समजली.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'सापडली' या शब्दापाशी ते अडखळले आणि तिथे दुसरा शब्द घालू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. तो शब्द माझा आहे, बाकी सर्वही माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिले आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) श्रीपाद मोरेश्वर चौबळ